डुकराचे आंबोण : घोडनदीकाठचा एक विसरलेला हिशेब

शिरूरला जुनी माणसे आजही ‘घोडनदी’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकात येथे ‘पूना हॉर्स’ या घोडदळाचे ठाणे होते. छावणीतील प्रत्येक घोड्याची चंदी शेर-पावशेरात ठरलेली असे आणि तिचा हिशेब सरकारी वहीत उतरत असे. त्याच छावणीच्या दफनभूमीत १८०९ साली मरण पावलेल्या कर्नल वॉलेस यांचे थडगे आहे. भोवतालच्या खेड्यांतील शेतकरी या इंग्रज अधिकाऱ्याला ‘सत्पुरुष’ मानीत आणि सुगीच्या वेळी नव्या धान्याचा नैवेद्य त्याच्या थडग्यावर ठेवीत, अशी नोंद जुन्या गॅझेटिअरात सापडते. धान्याचे मोल या मुलखाला किती वाटत होते, हे सांगायला एवढी नोंद पुरेशी आहे. घोड्याची चंदी तोलली गेली, देवाचा दाणा वेगळा काढला गेला. गावाबाहेरच्या डुकराने काय खाल्ले, हे मात्र कोणीच तोलले नाही. या लेखात आम्हांला त्या न तोललेल्या खुराकाविषयी लिहावयाचे आहे.

विषय ऐकून काही वाचक नाक मुरडतील, याची आम्हांला कल्पना आहे. नाताळच्या मेजावर सोरपोतेल आणि इंद्याल चवीने खाणारी मंडळीही गोठ्याकडे सहसा फिरकत नाहीत. परंतु शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांतील काही कुटुंबे वराहपालनाचा जोडधंदा करू पाहत आहेत. त्यांच्यापैकी एका कुटुंबाने दोन वर्षांपूर्वी आपली हिशेबाची वही आमच्यापुढे ठेवली आणि विचारले, “यात आमचे चुकले कुठे?” त्या वहीकडे आम्ही पुढे येणारच आहोत, पण तिचे उत्तर शोधता शोधता आम्ही बरेच मागे गेलो.

लूकच्या शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पैसा संपल्यावर तो परक्या मुलखात डुकरे राखू लागतो आणि डुकरांपुढच्या शेंगा तरी पोटात जाव्यात असे त्याला वाटते. त्या शेंगा कॅरोब नावाच्या झाडाच्या असाव्यात, असे अभ्यासक मानतात. आपल्याकडे बाभळीच्या शेंगा शेळ्यांना घालतात, तसाच हा प्रकार. या शेंगांत साखर भरपूर, प्रथिने थोडी. म्हणजे पोट भरेल, पण अंग धरणार नाही. कथेतील आणखी एका तपशिलाकडे आपले सहसा लक्ष जात नाही. त्या देशात मोठा दुष्काळ पडला होता. दुष्काळात डुकराला खायला मिळते आणि माणसाला मिळत नाही, हा त्या प्रसंगातील खरा काटा आहे.

आता मध्ययुगीन युरोपकडे वळू. १७ जानेवारीला ज्यांचा सण येतो त्या मठवासी संत अँथनींच्या चित्रात पायाशी एक डुक्कर हमखास असते. (आपल्याकडे पुष्कळ घरांत हे अँथनी आणि पादुआचे अँथनी यांची सरमिसळ होते, ते असो.) अकराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये या संतांच्या नावाने रुग्णसेवेचा एक संघ स्थापन झाला. ‘संत अँथनीचा अग्नी’ नावाच्या भयंकर रोगाचे रुग्ण तेथे येत. हातापायांची आग होऊन ते काळे पडत आणि गळून जात. राय नावाच्या धान्यावर वाढणाऱ्या अरगट बुरशीने हा रोग होतो, हे फार पुढे कळले. शिरूरच्या शेतकऱ्याला अरगट नवा नाही. बाजरीच्या कणसावरचा चिकटा आणि नंतर दिसणारे काळे दाणे त्याने पाहिलेले असतात. त्या संघाचे धर्मबंधू रुग्णांसाठी डुकरे पाळीत. ती गळ्यात घंटा बांधून गावात मोकळी सोडत आणि लोक त्यांना उष्टेखरकटे घालीत. ११३१ साली पॅरिसच्या रस्त्यात एक डुक्कर आडवे आल्याने फ्रान्सच्या राजपुत्राचा घोडा अडखळला आणि राजपुत्र दगावला. तेव्हा शहरात डुकरे मोकळी सोडण्यास बंदी झाली. संत अँथनीच्या घंटाधारी डुकरांना मात्र सवलत मिळाली. त्या अर्थव्यवस्थेत खुराकाचा खर्च शून्य होता. समाजाने टाकलेल्या अन्नाचे चरबीत रूपांतर होई आणि ती चरबी रुग्णांच्या जखमांना लावली जाई.

गोव्यातही हीच रीत शतकानुशतके चालली. घरामागे एक-दोन डुकरे, तांदळाचा कोंडा, पेजेचे पाणी, फणसाच्या साली, आणि जुन्या घरांतून शौचकूपाखालची ‘व्यवस्था’. तिचे वर्णन आम्ही करीत नाही. ज्यांनी पाहिली त्यांना ती आठवेल. जनावर फुकट वाढत असे, पण ते फुकट नव्हते. अशा डुकराच्या मांसातून पट्टकृमीची बाधा होते. बाधित माणसाच्या विष्ठेतील त्या कृमीची अंडी हातातोंडाद्वारे पोटात गेली, तर त्यांच्या अळ्या माणसाच्या मेंदूत ठाण मांडतात आणि फेफरे आणतात. संडासांच्या टाक्या बांधल्या गेल्या तशी ही रीत मोडली, ते चांगलेच झाले. गोव्याच्या त्या गावठी डुकराची ‘आगोंद गोवन’ या नावाने देशी जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर नोंदणी झाली आहे, एवढे जाता जाता सांगतो.

आपल्या घाटावर चित्र निराळे होते. येथे डुकरे राखीत ती मुख्यतः कैकाडी आणि वडार मंडळी. गावाने टाकलेली घाण हेच जनावराचे अन्न, आणि गाव त्या जनावराला आणि राखणाऱ्याला एकाच नजरेने पाही. नगर-पुणे पट्ट्यातील आपली बहुसंख्य ख्रिस्ती कुटुंबे ज्या वस्त्यांतून आली, त्या वस्त्या स्वतःच वेशीबाहेर ठेवलेल्या होत्या. एका कलंकातून बाहेर पडू पाहणाऱ्यांनी दुसरा ओढवून घेऊ नये, असे आपल्या वडीलधाऱ्यांना वाटले, तर त्यांना दोष कोण देईल? दौंडला मात्र १८५८ मध्ये पुण्याहून लोहमार्ग आला आणि १८७८ मध्ये मनमाडची वाट खुली झाली. जंक्शनाच्या वसाहतीत गोवेकर, अँग्लो-इंडियन आणि दक्षिणेकडील कॅथलिक कुटुंबे येऊन राहिली. तेव्हापासून एकाच मंदिरात एका बाकावर दोन प्रकारची कॅथलिक घरे बसू लागली. एका घराला नाताळचे डुकराचे मांस हा अभिमानाचा विषय, तर दुसऱ्याला तो शेजाऱ्यांपासून लपविण्याचा. ही तेढ आजही पुरती मिटलेली नाही. ज्या कुटुंबाची वही आम्ही पाहिली, त्याला जागेची, कर्जाची अडचण आली नव्हती. अडचण आली ती सोयरिकीच्या वेळी.

हिशेबाची खरी सुरुवात झाली ती युरोपात. इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथे १८४३ पासून लॉज आणि गिल्बर्ट या दोघांनी शेतीचे प्रयोग चालविले. डुकरांना तोलून खाऊ घालायचे, मग कापून हाडे, मांस, चरबी वेगवेगळी तोलायची, असा त्यांचा खाक्या होता. धान्यातील पिष्टापासून अंगात चरबी बनते, याचा तोलून-मापून पुरावा त्यांच्या कामातून मिळाला. पण या विद्येला गावोगावी नेले ते डेन्मार्कच्या शेतकऱ्यांनी. १८७० नंतर अमेरिकेचा स्वस्त गहू युरोपात येऊन कोसळला, डॅनिश शेतकऱ्याचे धान्य कोणी घेईना. तेव्हा त्याने धान्य जनावरांना घालून लोणी आणि बेकन विकायचे ठरविले. १८८२ मध्ये पहिली सहकारी दुग्धशाळा निघाली. ती लोणी काढून घेई आणि साय काढलेले दूध शेतकऱ्याला परत देई. ते दूध डुकराला जाई. १८८७ मध्ये जर्मनीने जिवंत डुकरांची आयात बंद केली, आणि त्याच वर्षी होर्सेन्स येथे शेतकऱ्यांचा पहिला सहकारी बेकन कारखाना उभा राहिला. प्रवरानगरच्या साखर कारखान्याचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या कथेतील नाद ओळखीचा वाटेल.

१९०७ मध्ये डेन्मार्कमध्ये एल्सेसमिंडे येथे चाचणी केंद्र सुरू झाले. एका विणीतील चार पिले घ्यायची, दोन माद्या आणि दोन खच्ची केलेले नर. त्यांना वीस किलोपासून नव्वद किलोपर्यंत एकाच खुराकावर वाढवायचे आणि किलोभर वजनामागे किती दाणा लागला ते मांडायचे. ज्या आईबापांची पिले थोड्या दाण्यात वाढतात, त्यांचीच पैदास पुढे न्यायची. धर्मग्रामाच्या जमाखर्चासारखीच ही कंटाळवाणी नोंद. पण पिढ्यान्पिढ्या चालली म्हणून तिने जनावराचा देह बदलला. किलोमागे साडेतीन किलोंच्या आसपास असलेला आकडा उत्तम गोठ्यांत तीनच्या बराच खाली आला. आपल्या गावठी डुकराला त्याच कामासाठी पाच-सहा किलो सहज लागतात.

आपल्या देशात दुसऱ्या-तिसऱ्या पंचवार्षिक योजनांच्या काळात अलिगढ, हरिणघाटा, गन्नावरम आणि आपल्या बोरिवलीला वराहपैदास केंद्रे व बेकन कारखाने निघाले. लार्ज व्हाइट यॉर्कशायर ही विलायती जात तेथून पसरली. ‘मॅफको’ या सरकारी महामंडळाचे हॅम आणि सॉसेज मुंबईच्या दुकानांत मिळत, ते पुष्कळांना आठवत असेल. ते महामंडळही पुढे बंद पडले. १९७०-७१ पासून भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने डुकरांवर अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्प चालविला. पिले आली, जात आली. खुराक तोलण्याची सवय मात्र शेतकऱ्याच्या दारापर्यंत आली नाही.

आणि येथेच शिरूर-दौंडचा प्रश्न डेन्मार्कहून वेगळा पडतो. डॅनिश शेतकऱ्याकडे न खपणारे धान्य होते. आपल्याकडे काय होते? दौंड तालुक्यातील केडगावला पंडिता रमाबाईंनी १८९६ ते १९०० च्या दुष्काळांतून वाचविलेल्या शेकडो मुली आणि स्त्रिया आणून ठेवल्या, त्या धान्य नव्हते म्हणूनच. रमाबाईंनी ख्रिस्ती झाल्यावरही शाकाहार सोडला नव्हता, ही गोष्ट या संदर्भात आम्हांला उगाच आठवते. पुढे १९७२ चा दुष्काळ आला. खडी फोडण्याची कामे, सुकडी, धर्मग्रामाच्या अंगणात वाटलेला बल्गर आणि दुधाची भुकटी, आणि रेशनवरची अमेरिकेची लाल ‘मिलो’ ज्वारी. त्या मिलोच्या भाकरीला चव नव्हती आणि ती गिळता गिळवत नसे, अशी तक्रार त्या पिढीच्या तोंडून आम्ही अनेकदा ऐकली आहे. अमेरिकेत मिलो पिकते ती प्रामुख्याने जनावरांच्या खुराकासाठी. मालदांडीच्या शुभ्र भाकरीवर वाढलेल्या माणसांनी तिकडच्या गुराडुकरांचा दाणा खाऊन ते वर्ष काढले. उधळ्या पुत्राच्या शेंगा आणखी कशा असतात?

म्हणून या भागात डुकराला किलोमागे किती दाणा लागतो, हा केवळ नफ्यातोट्याचा प्रश्न आम्ही मानत नाही.

आता ती वही. कुटुंबाने डिसेंबरात दहा पिले आणली, सरासरी बारा किलोंची. जूनमध्ये विकली, सरासरी अडुसष्ट किलोंना. म्हणजे प्रत्येकी छप्पन्न, एकूण पाचशे साठ किलो वाढ. मधल्या काळात पन्नास किलोंची बावन्न पोती खुराक गेला, म्हणजे सव्वीसशे किलो. किलोमागे सुमारे चार किलो साडेसहाशे ग्रॅम! साडेतीनात भागले असते, तर तेरा पोती वाचली असती. धंद्यातील एकूण खर्चापैकी साठ-सत्तर टक्के खर्च खुराकाचाच असतो. तेव्हा त्या तेरा पोत्यांतच कुटुंबाचा सारा नफा गेला, हे उघड आहे.

ही पोती गेली कुठे? पहिली गोष्ट, उन्हात. गोठ्यावर नुसता पत्रा होता. डुकराला आपल्यासारखा घाम येत नाही. म्हणूनच ते चिखलात लोळते, आणि आपण त्याला घाणेरडे म्हणतो. मोठ्या डुकराला वीस अंशांच्या आसपासचे हवामान मानवते. तिशीच्या वर गेले की ते खाणे कमी करते, आणि दौंडचा एप्रिल-मे चाळिशी ओलांडतो. खाल्लेल्या दाण्यातील पहिला वाटा जनावराला जिवंत ठेवण्यात जातो, उरलेल्याचे मांस होते. खाणे कमी झाले की पहिला वाटा तेवढाच राहतो आणि दुसरा आटतो. वहीत मे महिन्यात नऊ पोती गेली आहेत आणि वजन जवळजवळ जागच्या जागी आहे. उलट डिसेंबरच्या रात्री त्याच पत्र्याखाली, उघड्या फरशीवर लहान पिलांनी अंग गरम ठेवण्यासाठी दाणा जाळला असणार.

दुसरी गोष्ट खुराकाच्या घडणीची. त्यात मका, गव्हाचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड होती. पोट भरायला हे पुष्कळ झाले. पण मांस बनायला लायसीन नावाचा प्रथिनांचा एक घटक लागतो, तो मक्यात आणि ज्वारीत थोडा, शेंगदाणा पेंडीतही थोडाच. बैलजोडीतील एक बैल दमला की दुसऱ्याचे बळ वाया जाते, तसे बाकीचे प्रथिन वाया जाते आणि मूत्रावाटे निघून जाते. सोयाबीनची भाजलेली पेंड मिसळली असती तर जोडी जमली असती. सोयाबीन कच्चे मात्र चालत नाही. त्यातील एक द्रव्य प्रथिनांचे पचनच रोखते. शिवाय ओलसर जागी साठविलेल्या शेंगदाणा पेंडीत अफ्लाटॉक्सिन हे विष धरते. १९६० साली इंग्लंडमध्ये हजारो टर्की पक्षी मेले, तेव्हा अशाच पेंडीतून त्याचा शोध लागला. जनावर मरत नाही इतक्या थोड्या प्रमाणातही ते यकृत बिघडविते आणि वाढ खुंटविते. बुरशीची दुसरी तऱ्हा म्हणजे आपला अरगट. अरगटलेले धान्य खाल्लेल्या डुकरिणीचे दूध आटते आणि पिले उपाशी मरतात. संत अँथनीच्या धर्मबंधूंना हे ऐकून फारसे नवल वाटले नसते.

वहीत खनिज मिश्रणाचा कुठेच उल्लेख नाही. जस्त कमी पडले तर डुकराच्या कातडीवर खपल्या धरतात आणि वाढ थांबते, हे १९५५ पासून माहीत आहे. आम्ही गोठ्यात गेलो तेव्हा दोन जनावरांच्या पायांवर तशा खपल्या दिसल्या. घरच्यांनी त्यांना खरूज समजून तेल लावले होते.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगतो, कारण त्या प्रत्येक गोठ्यात असतात. दाणा भरडला नव्हता, तो विष्ठेत अख्खा पडत होता. डोणी उथळ होती, डुकरे नाकाने खुराक बाहेर उसकटीत. सहा महिन्यांत जंताचे औषध एकदाच दिले गेले. पाणी दिवसातून दोनदा, घागरीने. किलोभर खुराकामागे दोन-तीन लिटर पाणी लागते, उन्हाळ्यात त्याहून जास्त, आणि पाणी नसले की जनावर खात नाही. शिरूरच्या पूर्व भागात उन्हाळ्यात माणसांनाच टँकरची वाट पाहावी लागते, तेथे हे बोलायलाही संकोच वाटतो.

मग या भागाला सोसेल असा खुराक कोणता? शेजारी पाटसला आणि न्हावऱ्याला सहकारी साखर कारखाने उभे राहिले, ऊस चहूकडे आहे. क्यूबाने हा मार्ग चोखाळला होता. १९६५ मध्ये स्थापन झालेल्या तेथील पशुविज्ञान संस्थेत प्रेस्टन या शास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली मळीवर जनावरे वाढविण्याचे प्रयोग झाले. साखर निघून गेलेली शेवटची मळी एकटी दिली तर डुकरांना हगवण लागते. पण साखर थोडी अधिक राहिलेली मळी, यीस्टचे प्रथिन आणि शिजवून निर्जंतुक केलेले उष्टे यांच्या मिश्रणावर त्या देशाने पुष्कळ डुकरे वाढविली. आपल्याकडे मळीवर उत्पादन शुल्क खात्याची करडी नजर असते आणि ती मद्यार्काकडे जाते; सामान्य शेतकऱ्याला बादलीभर मिळणेही कठीण.

हॉटेलांचे आणि खाणावळींचे उष्टे पुण्याच्या आसपासचे पशुपालक नेतात. त्यात संत अँथनीच्या काळची काटकसर आहे, आणि धोकाही. आफ्रिकन स्वाइन फीवर हा रोग २०२० मध्ये प्रथम भारतात, आसाम आणि अरुणाचलात आढळला. त्याची प्रभावी लस आपल्याकडे उपलब्ध नाही, आणि तो डुकराच्या मांसाच्या उष्ट्यातूनही पसरतो. उष्टे खळखळ उकळल्यावाचून घालू नये, हे सांगताना आम्हांला सरपणाचा खर्चही मांडावा लागतो. तो मांडला की ‘फुकट’ खुराक फुकट राहत नाही.

उरते ते डॅनिश उत्तर. या दोन्ही तालुक्यांत दूध आहे, आणि पनीर करणारे छोटे कारखानदारही आहेत. पनीरचे हिरवट पाणी बहुधा गटारात जाते. त्यात प्रथिने थोडीच, पण जी आहेत त्यांत लायसीन भरपूर. रोजच्या रोज ताजे मिळाले आणि सवयीने हळूहळू वाढविले, तर मक्याच्या भरड्याचा उणेपणा ते बराचसा भरून काढते. आम्ही हे त्या कुटुंबाला सांगितले. घरच्या आजींनी लगेच विचारले, “आणि उन्हाळ्यात नासले तर?” प्रश्न योग्य होता. आंबवून द्यावे, पण शिळ्या भांड्यात नव्हे, एवढेच आम्ही सांगू शकलो.

मागच्या पावसाळ्यानंतर त्यांनी पुन्हा पिले आणली, या वेळी दहा नव्हे, सहा. कारण ओळखीच्या पनीरवाल्याकडचे पाणी सहांनाच पुरणार होते. पत्र्यावर उसाच्या पाचटाचा हातभर थर घातला आहे, डोणी खोल केली आहे. नव्या वहीत तारीख, पिलांचे वजन आणि पोत्याचा आकडा असे तीन रकाने आहेत. चौथा रकाना थोरल्या मुलीने स्वतःहून आखला आहे : गोठ्यातील दुपारचे तापमान.